नव्वद रात्री

— छे हो, मास्कचा पट्टा आधीपासूनच एवढा आवळलेला आहे. म्हणजे मीच आवळला. सैल ठेवला की बाजूनं हवा सुटते, डोळ्यांत जाते, सकाळी डोळे लालभडक — तुम्हीच म्हणाला होतात ना पहिल्या दिवशी, हवा सुटता कामा नये म्हणून? मग! सांगितलं तसं केलं. बसा ना, उभ्यानं काय बघताय, त्या खुर्चीवरची उशी आणि चादर पलंगावर टाका आणि बसा निवांत. ही खाली दूध आणायला गेलीय, येईलच एवढ्यात, चहा घेतल्याशिवाय काही ती सोडायची नाही तुम्हाला. तुमचं काम ते काय — मशीनमधलं कार्ड काढायचं, रीडिंग बघायचं, आमच्या कंपनीच्या डॉक्टरांना पाठवून द्यायचं. झालं. नव्वद रात्री काल पुऱ्या झाल्या. सोमवारी माझी शाळेची बस माझ्या हातात.

किती आलं? सहा तास चाळीस मिनिटं? रोजची सरासरी? बघा! त्यांनी चारच मागितले होते, आपण सहा चाळीस दिले. आणि श्वास अडकणं? तासाला एक! अहो, आधी किती होतं ते जरा मोठ्यानं वाचा — अठ्ठेचाळीस. तासाला अठ्ठेचाळीस वेळा हा माणूस झोपेत श्वास घ्यायचा थांबत होता, आणि आता एक. कमाल आहे की नाही तुमच्या ह्या हवेच्या मशीनची, सीपॅपची? मग हसा की जरा. तुमच्याच मशीनचं कौतुक चाललंय.

मिशी? हो, परत ठेवली. सुरुवातीला उतरवली होती, मास्क नीट बसावा म्हणून — तीस वर्षांची मिशी, साहेब, आरशात बघितलं तर कुणीतरी परकाच माणूस दात घासतोय. डेपोत सगळे हसले. पण मग सवय झाली — मास्कची म्हणतोय मी — तेव्हा म्हटलं आता ठेवायला हरकत नाही. हवा सुटत नाही का मिशीतून? नाही. म्हणजे थोडी सुटत असेल. तुमच्या कागदावर काय आलंय? अजिबात नाही? मग झालं तर.

हा लांब केस — अहो, घरात एक बाई आहे, केस कुठंही सापडतो. तीच धुते ना मास्क रोज सकाळी, कोमट पाण्यात, साबणाच्या फेसानं, अगदी तुम्ही दाखवलं होतं तस्सं. धुताना अडकला असेल बकलात. तुम्ही मशीनवाले आहात की पोलीस?

बरं, पहिल्या एकोणीस रात्रींचं विचारताय. त्या मोजूच नका, डॉक्टरांनीच त्या बाद करून नव्यानं मोजायला लावलं. वीस मिनिटं, बारा मिनिटं, एका रात्री तर चार. मी काय मुद्दाम काढत होतो का? लावून झोपायचो — आणि सकाळी बघावं तर मास्क पलंगाखाली, नळी माझ्या पायात, आणि मला पत्ता नाही कधी उपटून फेकला. चार मास्क बदलले तुम्ही. नाकाचा, नाका-तोंडाचा, तो जेलचा, आणि तो नाकपुड्यांत दोन बोंडं घालायचा. हिनं एकदा माझे हात टॉवेलनं बांधले, खरंच सांगतो, हसत हसत बांधले, आणि मी झोपेत टॉवेलसकट उपटला. कुणीतरी तोंडावर उशी दाबतंय असं वाटतं हो. दिवसाढवळ्या, शुद्धीत, मला माहीत असतं की हवा आत येतेय — पण छाती ऐकत नाही.

मग विसाव्या रात्री एकदम सहा तास कसे? एकदम म्हणजे... जमलं. काही गोष्टी जमतात एकदम.

आत्ता? लावून दाखवू? आत्ता कशाला, दिवसाचं कुणी — बरं, द्या. द्या इकडे. हा असा नाकावर, आणि हा पट्टा मागून... थांबा, जरा ओढायला हवा... हा कानाच्या वरून... नाही पोहोचत. राहू दे. राहू दे म्हणतो ना, काढा, काढा तो आधी —

पाणी आहे तिथं. थँक्यू. नाही, बरा आहे. घाम काय, असाच येतो.

हो. पट्टा तिच्या डोक्याच्या मापाचा आहे. आता एवढं कळलंय तर कळलंच की. पण तुम्ही समजताय तसं नाही ते. आधी आम्ही मशीन नुसतंच चालू ठेवून बघितलं — तुमचं मशीन भलतं हुशार, कार्डावर शून्य. गरम पाण्याच्या पिशवीला बांधून बघितलं. शून्य. तेव्हा हीच म्हणाली, आणा इकडे, एक रात्र मी लावते, तुमचे तास तरी भरतील. गंमत म्हणून, हो. तिला काय, तिचा श्वास धडधाकट.

तुम्हाला सांगतो, अकरा वर्षं ही बाई माझ्या छातीवर हात ठेवून झोपलीय. झोपलीय कसली! माझा श्वास थांबला की ती मोजायची — एक, दोन, तीन — दहाच्या पुढं गेला की कोपर मारायची. मी फुर्रकन श्वास घ्यायचो, कूस बदलायचो, मी परत ठार. ती जागी. पुन्हा मोजायची. दिवसा पॅकिंगच्या कारखान्यात आठ तास उभी, खोके भरता भरता पेंगायची, सुपरवायझर दोनदा बोलला तिला. मी उलट म्हणायचो, तुझं रक्त कमी असेल, गोळ्या घे.

तर त्या रात्री तिनं लावला. आणि सकाळी मी उठलो — डोकं फुटायला आलेलं, घसा कोरडा ठणठणीत — आणि बघतो तर ही झोपलेली. साडेसात वाजले होते. मशीनच्या त्या फुसफुशीत तिला माझं घोरणं ऐकूच गेलं नव्हतं, थांबणंही नाही. तोंडावर तो माकडासारखा मास्क, आणि हात असे मोकळे पसरलेले, लहान मुलासारखे. अकरा वर्षांत मी तिला झोपलेली बघितलीच नव्हती, साहेब. बघणार कसा, तिच्याआधी मीच झोपायचो. मी तिथंच पलंगाच्या कडेला बसून राहिलो, चहा नाही, काही नाही. म्हटलं, हिला उठवायचं नाही.

एक रात्रीची दुसरी झाली. कोपर मारणारं कोण आता? कुणी नाही. तिला मी सांगितलंय, कुशीवर झोपलं की माझा श्वास अडकत नाही. बनियनला पाठीवर चेंडू शिवून दिलाय तिनं, उताणा होऊ नये म्हणून. विश्वास ठेवला तिनं. नाहीतर दुसऱ्या रात्री लावला नसता, एवढं खरं. मी? मी ह्या खुर्चीत बसून झोपतो. तुम्ही बसलात त्याच. ती झोपली की उठतो, बसल्या बसल्या जरा कमी अडकतो. ती उठायच्या आत परत पलंगावर. त्याचीच ती उशी-चादर होती, आज उचलायची राहिली.

सोमवारी बस घेणारच होतो मी. का नाही? वीस वर्षं चालवली. पोरं मला ब्रेककाका म्हणतात, ब्रेक लावला की एकाच्याही हातातली बाटली सांडत नाही म्हणून. त्या दिवशी सिग्नलला डोळा लागला तेव्हासुद्धा पाय ब्रेकवरच होता. दोनदा हिरवा होऊन गेला म्हणे. पोरांना वाटलं काका मस्करी करतायत. शेवटी पहिल्या बाकावरची एक पोर आली आणि माझ्या गालावर अशी थापटी मारून म्हणाली, काका, हिरवा झाला. त्यानंतर डेपोत बसलोय, बसगाड्या धुतोय. आता ताजातवाना आहे मी. परवा मंगळवारी तेवढं — नळी धरून उभा होतो गाडी धुवत, आणि जाग आली ती बुटात पाणी भरल्यावर. तेवढंच एकदा. आणि गेल्या आठवड्यात एकदा.

...

पेन कशाला काढलंत? मी काय बोललो आत्ता?

नाही, लिहू नका — नाही, लिहा. लिहा. एकतीस पोरं आहेत त्या बसमध्ये. तो गाल थापटणारा हात एवढासा होता. मला काय कळत नाही का? नव्वद दिवस रोज कळतंय. रोज म्हणायचो, रीडिंगच्या दिवशी बघू. आला तो दिवस. लिहा, ह्या माणसाला मास्क जमत नाही. पाचवा मास्क नका आणू. तुमचा चेहरा बघूनच कळतंय तुम्ही चांगले आहात, पण नका आणू, मी तोही उपटीन. आता डेपोत नळी धरून गाड्याच धुवायच्या, निवृत्तीपर्यंत. जमेल. बूट रबरी घेऊ.

मशीन परत न्यावं लागेल? हो, कंपनीचंच ते, मला जमत नाही म्हटल्यावर ठेवतील कशाला. आजच? आत्ता?

मग आज रात्री ती पुन्हा हात ठेवणार. एक, दोन, तीन.

उद्या न्या ना. उद्या सकाळी मी स्वतः आणून देतो, नळीसकट, पुसून. एक रात्र. तिला माहीत नाही शेवटची आहे म्हणून, आणि सांगायची पण नाही, सांगितलं तर झोपणार नाही. एवढं —

थांबा, जिन्यात पावलं. तीच. ते कार्ड आत घाला, पट्टा होता तसा लावा, तिच्या मापाचा. विचारलं तर रीडिंग छान आहे म्हणा.

आलीस? अगं, चहा नको म्हणतायत साहेब, घाईत आहेत. हो, छान आलंय. सहा चाळीस. — निघा ना, साहेब.