मागची जीप

नारायणगावच्या स्टँडबाहेर पारगावची जीप सीटा भरण्यासाठी थांबली होती. माझ्या शेजारच्या दोघी एकाच गावच्या. त्यातल्या मोठ्या बाईंच्या मांडीवर औषधांची पिशवी होती.

“कुशाकाकू, सासूपाशी कोण बसलंय?”

“अक्षदा. आज पोरीला कॉलेजला सुट्टी हाय, म्हणून मला निघता आलं.”

“उठून बसत्यात का आता?”

“न्हाई गं. चार वर्षं झाली, कुशीवर पण मीच वळवते. मोरीत गेले तरी हाक येती.”

“मग तुमाला उशीर व्हतोय. ओ भाऊ, काढा की गाडी.”

“एक सीट भरू द्या ताई, लगेच निघतो.”

“राहू दे गं. कशाला घाई करती त्याला?”

“अर्धा तास झाला, काकू.”

“व्हय. अर्धा तास कुणी हाक मारली न्हाई.”

तेवढ्यात एक जोडपं जीपपाशी आलं. “भाऊ, पारगावला आमी दोघं हाय.”

“जागा एकच हाय, पावणं.”

“त्यांना बसू द्या माझ्या जागंवर. मी मागच्या जीपनं येते.”

“अवो काकू, मागची जीप तर सगळी रिकामी हाय.”

“व्हय. बघितली मी.”