शमाला हाका मारल्या तो दिवस

मी मूळची सांगलीची, सुनंदा माझं नाव, डी.एड. तिथंच, लग्न तिथंच, आणि नव्वदीच्या सुरुवातीला मिस्टरांना दुबईच्या पुढं रास अल खैमाला टाइल्सच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून गेले, इंडियन शाळेत दुसरीला शिकवायला लागले, पण मन काही लागेना. काय सांगू तुम्हाला, जिकडं बघावं तिकडं वाळू नि ऊन, ह्यांना म्हटलं, मला परत पाठवा, हे म्हणाले, बरं, मार्चमध्ये जा.

त्याच हिवाळ्यात शाळेनं मुलांना बसनं वाळवंटात ससाणा दाखवायला नेलं. अबू सालेम म्हणून म्हातारे होते, तरुणपणी गलबतावरून मुंबईला येऊन-जाऊन असलेले, त्यामुळं हिंदी छान बोलायचे. हातमोज्यावर त्यांची ससाणी, शमा, डोळ्यांवर चामड्याची टोपी. मुलं विचारतात, अंकल, इज शी स्लीपिंग? नहीं बेटा, अंधेरे में इसका दिल शांत रहता है. एकेकाला जवळ घेऊन तिच्या छातीवरून हळूच बोट फिरवू दिलं आणि मग टोपी काढून तिला सोडलं.

ती वर गेली आणि वारा सुटला. धूळ अशी उठली की सूर्य चंद्रासारखा पांढरा, बससुद्धा अंधुक झाली. अबू सालेम दोरीला बांधलेलं पिसांचं आमिष गरगर फिरवत हाका मारत राहिले, शमा येईना. आवाज बसला त्यांचा. वाळूत टेकले आणि म्हणाले, टीचर, घर में अब मैं हूँ और ये है, बस. ड्रायव्हर म्हणतोय यल्ला यल्ला, म्हणजे चला चला, मला सुचेना काय करावं.

तर मुलंच म्हणाली, अंकल, कॅन वी कॉल हर? ते म्हणाले, सब एक साथ, लंबा बोलो. मग अख्खी दुसरी त्या धुरकट उजेडात हात धरून उभी, शमाऽऽ, शमाऽऽ, आणि मीही, बरं का, लाजबिज सोडून. किती वेळ कुणास ठाऊक, स्वप्नात असल्यासारखं झालं होतं, आणि धुळीतून एक सावली उतरली ती थेट बसच्या टपावर! कुणी हललं नाही. अबू सालेमनी आमिष दाखवलं, ती मोज्यावर आली, त्यांनी तिच्या पिसांना गाल लावला. मग मोजा माझ्या हातात चढवून तिला त्यावर बसवलं. मी हात जराही हलू दिला नाही.

मार्चचं जाणं राहिलंच. पुढं कितीतरी वर्षं दर हिवाळ्यात नवी मुलं घेऊन अबू सालेमकडं जायचे, ते थकले तसं मीच सांगायचे, हात हलवू नका रे, घाई नको. मग ते वारले.

आता सांगलीतच असते. ती मुलं कुठं कुठं पांगली, जिथं असतील तिथं सुखी असू देत. परवा एकाचा फोन आला, मिस, डिड इट रिअली हॅपन? म्हटलं, झालं रे बाळा, मी होते ना तिथं.