विहाराची भिंत

गडचिरोलीच्या बसस्टँडवर धानोऱ्याच्या गाडीची वाट पाहत होतो. मागच्या बाकावर दोघं बोलत होते.

"रुखमाबाई, तुमच्या गावच्या बौद्ध विहारावर पुन्हा गोटे मारले म्हने?"

"तिसऱ्यांदा, मुखरूभाऊ. आता तं मूर्तीचा हातच फुटला."

"मंग?"

"मंग ग्रामसभा भरली. देवळाभवती भित बांधाले पंचायतीत निधी आला होता. तं तळ्यावर मासोळ्या धरनारी आमची ताराबाई उठली. म्हने, आपल्या देवळावर आजपावतो कोनी गोटा मारला काय? नाई ना? मंग भित आधी विहाराले बांधा."

"लोकायनं आयकलं?"

"पयले एकच हात वर झाला. त्याच्या मागं पाहा, तं साऱ्या सभेचे हात वर!"

"अन् भित?"

"बांधली ना. विहारापुढं मोठा लाइटही लावला."

"पयला हात कोनाचा होता?"

"मनसारामचा."

"मनसाराम? गोटे मारले म्हनून ज्याच्या पोराले पोलिसायनं नेलं, तो?"

"तोच. सरपंच म्हने, झालं, आता हात खाली घ्या. साऱ्यायनं खाली घेतले. तो तसाच हात वर करून उभा राह्यला."