तळ्यातल्या चपला

—तर जावईबापू, या तळ्यातला गाळ मी नुसता जिभेवर ठेवून सांगतो, चिनीमाती किती न् रेती किती. आता सांगितलेलं खरं निघतं असं कुठं म्हटलं? हसू नका, हसलात की हलता, न् हललात की अजून खाली. पाय झाडायचे नाहीत. कमरेपर्यंत गेलात ना? मग तिथंच थांबा, सासरचा पाहुणचार समजून.

बायको तुमची धावलीय मशीन थांबवायला — पळण्यात पटाईत आहे माझी लेक, लहानपणी माझ्या हातचा मार चुकवतच शिकली. जेवणाची सुट्टी संपून भोंगा झाला की रेती धुवायला घेतात, न् ते सगळं गढूळ पाणी या पाइपातून — हो, तुमच्या पाठीमागच्याच — तिकडं बघू नका, माझ्याकडं बघा. माती कशी आहे सांगा. लोण्यासारखी ना? रेती काचेवाले नेतात, ही माती आम्ही आजवर टाकूनच दिली. तुम्हीच म्हणालात, गाळून, निवळून, वड्या पाडून वाळवली की कपबशा होतील. भट्टी विझलीय तुमची, विकतची माती परवडत नाही — लेक बोलली मला, तुम्ही नका सांगू. म्हणून तर नमुना घ्यायला बोलावलं. पण काठावरचा घ्यावा माणसानं. काठाला रेतीच बसते म्हणता? तेही खरंच, बारीक माती मधेच जाऊन बसते. पण वरची साय वाळून भेगा पडल्या म्हणजे काय अंगण झालं? खाली सगळं रबरबीत — चपला बघून गेलात? मधोमध माझ्या चपला, म्हणजे म्हातारा जात असणार — अहो, त्या मी काठावरून भिरकावल्यात. मशीनवरच्यांची गंमत करायला. तुम्हाला सकाळी ‘रोज जातो’ म्हणालो ते — ते राहू द्या आता.

ही शिडी ढकलतोय, धरा. आली हाताशी? अजून लांबवा. अजून. आता एवढीच आहे हो. मीच आडवा होऊन सरकलो असतो तिच्यावरून, पण हे गुडघे, न् हे पोट, न् दोघं बुडालो तर लेकीनं कुणाला आधी — येतेच आहे ती. भोंगा झाला ना हा? झालाच. पोचली असेल. पाइप गुरगुरतोय तो उगाच, हवा असते आत. जावईबापू, बोला की काहीतरी.

“शिडी हातभर कमी पडतेय, मामा. या की तुम्ही — चपला इथंच आहेत तुमच्या.”