दुसरा ब्रेक

मुलगी : पुन्हा तेच. बाबा, डावा पाय कशावर दाबताय? तिथे काही नाहीये.

वडील : हाडात मुरलेली खोड आहे गं. शिकवणीच्या गाडीत माझ्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. शिकाऊ माणूस वळणावर आला की पाय आपोआप दाबला जातो.

मुलगी : इथे शिकाऊ तुम्हीच आहात. आणि आरसा बघू नका, मागून कोणी येत नाही.

वडील : बरं. पुन्हा सांग.

मुलगी : वळण आलं की ॲक्सिलरेटर क्षणभर सोडायचा, म्हणजे गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं. स्टिअरिंग आत वळवायचं आणि हँडब्रेकला नुसता झटका द्यायचा. मागची चाकं घसरली की स्टिअरिंग उलट बाजूला, आणि ॲक्सिलरेटर पुन्हा दाबून धरायचा. अर्धाच.

वडील : घसरत्या गाडीला वर वेग द्यायचा? असं शिकवणाऱ्याला मी एक दिवसही कामावर ठेवलं नसतं.

मुलगी : दादालाही हेच ऐकवलं होतंत. वर हे व्हिडिओ गेमचं स्टिअरिंग माळ्यावर टाकलंत. पहिल्या पगारातून घेतलं होतं त्याने.

वडील : त्याचाच राग धरून बसलाय का तो?

मुलगी : नाही. परवा फोनवर तो वेगळंच म्हणाला. म्हणाला, बाबांच्या शेजारी बसून गाडी शिकलो, पण एकही वळण मी घेतलेलं नाही. सगळी त्यांच्या पायाने घेतली.

वडील : चिडून म्हणाला?

मुलगी : हसत म्हणाला.

वडील : चिडला असता तर बरं होतं. मला वाटायचं, मी त्याला सांभाळतोय.

मुलगी : लावा पुन्हा. घाटातलं हे पहिलं वळण घसरत पार केलं, तरच खेळातल्या त्याच्या खोलीत घेतो तो. मग समोर कोणीही असो.

वडील : कोणीही चालतो. माझा फोन तेवढा उचलत नाही. ते स्क्रीनवर वर काय लिहिलंय?

मुलगी : त्याचं खेळातलं नाव. घसरगुंडी.

वडील : माझा मुलगा आणि नाव घसरगुंडी. शिकवणीत कळलं तर गिऱ्हाइकं पळतील.

मुलगी : बोलू नका, वळण आलं. सोडा. आत. हँडब्रेक. आता उलट, उलट! ॲक्सिलरेटर धरून ठेवा, धरून… झालं. बाबा, जमलं तुम्हाला.

वडील : डावा पाय कुठे होता माझा?

मुलगी : खुर्चीखाली दुमडून घेतला होतात. थांबा, दार उघडलं. तो आत आहे. तुमचा माइक बंद आहे, काळजी नको.

(स्पीकरमधून एका तरुणाचा आवाज येतो.)

आवाज : या, नवीन दिसताय. माझ्यामागून या, मी हळू जातो.

वडील : आवाज जड झालाय त्याचा.

मुलगी : समोर बघा, बाबा. गेली गाडी कठड्यावर.

आवाज : आपटली? आपटू द्या. मी पुढे थांबलोय, सावकाश या. मध्येच ॲक्सिलरेटर सोडताय तुम्ही. भीती वाटली की सगळे सोडतात, मीही सोडायचो. आता फक्त वळणाच्या शेवटाकडे बघत राहा. हां, असं.

वडील : एवढा धीर कोणी शिकवला गं याला?

मुलगी : आपल्या घरात तर कोणी नाही.

आवाज : पुन्हा चुकलं, पण आधीपेक्षा बरं चुकलं. घाई नाही. मला कुठे जायचं नाहीये.

मुलगी : बाबा, आता बोला. हे बटण दाबायचं आणि सांगायचं, मी आहे म्हणून.

वडील : बोलेन. आत्ता नको.

मुलगी : याच्यासाठीच तर शिकलात ना सगळं?

वडील : हो. पण मी कोण ते कळलं की तो गप्प होईल. अजून थोडा वेळ शिकवू दे त्याला.