चालू रोपवेचा कारभारी

मंडळी, बसा. मागच्यांनी पुढे सरका, देवाच्या दारात जागा राखून ठेवायची नसते. आज एकच प्रश्न विचारतो. माणसाला सुधारायला काय लागतं? कुणी म्हणेल गुरू, कुणी म्हणेल पैसा. मी म्हणतो, आधी थांबावं लागतं. आणि थांबायचं म्हटलं की आपल्या पोटात दुखतं! का दुखतं? ऐका तर मग.

आंबेघर नावाचं गाव. गावामागे डोंगर, डोंगरावर जाखमाता. पायऱ्या इतक्या की चढताना माणसाला आपली सगळी पापं आठवावीत आणि तरी पायऱ्या उराव्यात. म्हणून देवस्थानानं रोपवे बांधला. तारेवर लोंबकळणारे पाळणे, त्यात बसायचं, खाली दरी बघायची आणि वर जायचं. पुण्य पायानं न चढता बसून चढतं, एवढाच फरक.

देवस्थानचे अध्यक्ष हिंदुराव मगदूम. माणूस वाईट नव्हता हं. पहाटे उठायचा, राबायचा, देवस्थानचा पैसा खायचा नाही. पण एक खोड. कुठलीही गोष्ट बंद ठेवणं म्हणजे त्याला नाक कापल्यासारखं. पलीकडच्या डोंगरावरच्या देवस्थानानं दुरुस्तीसाठी रोपवे दिवसभर बंद ठेवला, तर हा भर चौकात म्हणाला, "आमच्याकडं बंद हा शब्द नाही." टाळ्या पडल्या. टाळ्या फार वाईट, मंडळी. शिवी माणूस विसरतो, टाळी विसरत नाही.

आता झालं काय, रोपवेचा संगणक जुना झाला. संगणक म्हणजे पेटी, ते तुम्हाला ठाऊक आहे. पण पेटीच्या आत एक कारभारी असतो. त्याला म्हणतात ऑपरेटिंग सिस्टीम. कळ दाबली, पडद्यावर अक्षर उमटलं, मोटारीला निरोप गेला, सगळं त्याच्या हातून. तो जागेवर नसला की बाकीचे नोकर असून नसल्यासारखे. हा कारभारी म्हातारा झाला होता. त्याला काढून नवा बसवायचं ठरलं. ठरवलं ते बरोबरच ठरवलं. पण कधी? तर नवरात्रात, अष्टमीला, भर गर्दीत.

रोपवेच्या कंपनीकडून इंजिनियर आली, रेश्मा जमादार. पोरगी शांत, बोलणं मोजकं. तिनं सगळं पाहिलं आणि म्हणाली, "साहेब, नवरात्र होऊ दे. मग एक दिवस बंद ठेवू आणि करू."

"बंद?" हिंदुराव हसले. "अहो मॅडम, माझा फोन झोपेत आपोआप अपडेट होतो. सकाळी उठतो तर नवा."

"फोन अपडेट होताना तुम्ही त्याला लोंबकळत नसता, साहेब."

आता शहाण्यानं इथं गप्प बसावं. पण आजूबाजूला विश्वस्त बसलेले. एक म्हणाला, चालू रोपवेवर नवी सिस्टीम, राज्यात कुणी केलं नसेल. दुसरा म्हणाला, पेपरवाले बोलवू. हिंदुरावांनी थेट कंपनीच्या साहेबांना फोन लावला. कंपनीच्या साहेबांनी रेश्माला फोन लावला, "गिऱ्हाईक म्हणतंय तसं कर." झालं. ज्याला यंत्र कळत होतं त्याला अधिकार नव्हता, आणि ज्याला अधिकार होता त्याला पेपरात फोटो हवा होता.

रेश्मानं शेवटची वाट काढली. म्हणाली, "दोन संगणक आहेत. एक सांभाळेल, तोवर दुसरा बदलते. बहुतेक जमेल. पण पाळण्यात माणसं नकोत."

बहुतेक! औषधाच्या बाटलीवर 'बहुतेक औषध' लिहिलेलं असतं, तर घोट घेतला असता का तुम्ही?

हिंदुराव म्हणाले, "माणसं नकोत तर चालू कसला? मी स्वतः बसतो. आमची मंडळीही बसतील."

मंडळी म्हणजे तुम्ही नव्हे, त्यांची बायको. लीलाबाई. तिला पायऱ्या होत नव्हत्या, गुडघा धरला होता. ती ओटीचं ताट घेऊन मुकाट्यानं पाळण्यात बसली. समोर हिंदुराव. फोटो निघाला. मागच्या-पुढच्या पाळण्यांत भाविक बसले आणि पाळणे सुटले.

डोंगर निम्मा सरला असेल, आणि खाली रेश्मानं पहिल्या संगणकात नवा कारभारी बसवला. तो डोळे चोळत उठला, शेजारच्या जुन्या कारभाऱ्याकडं बघितलं आणि ओळखच पटेना. जुना म्हणाला, कारभार तुझ्याकडं. नवा म्हणाला, मला कुणी सांगितलं नाही. दोघांच्या मध्ये मोटार ताटकळली. मोटारीला मात्र बांधणाऱ्यानं एक अक्कल दिली होती. हुकूम कुणाचा ते कळेनासं झालं, की ब्रेक लावायचा आणि थांबायचं. लोखंडाला एवढं कळतं, मंडळी. अध्यक्षांना कळत नव्हतं.

गचका बसला. ताटातला नारळ गडगडत हिंदुरावांच्या पायावर आला. पाळणा पुढं गेला, मागं आला, आणि दरीवर टांगल्यासारखा उभा राहिला. वर आभाळ, खाली साग. वारा सुटला तसा करकरायला लागला.

हिंदुरावांचा फोन वाजला. खालून विश्वस्त बोलत होता. "साहेब, रोपवे बंद पडलाय. म्हटलं तुमच्या कानावर घालावं."

"मी त्यातच आहे."

"हो, पण अध्यक्ष म्हणून कळवलं."

हसताय? पुढचं ऐका. पुढच्या पाळण्यात एक बाई होती, मांडीवर तान्हं पोर. ते पोर रडत होतं. ऊन थेट काचेवर. रडत होतं तोवर ठीक होतं, मग ते गप्प झालं. हिंदुरावांना ती शांतता सोसेना. लीलाबाईंनीच खिडकीच्या फटीतून हाक दिली, "अगं बाई, निजलं का ते?"

पलीकडून आवाज आला, "निजलंय, मावशी. अंगावर घेतलंय."

हिंदुरावांनी रेश्माला फोन लावला. "मॅडम, नवं काय ते पटकन पुरं करा."

"आता नवं काही करत नाही, साहेब. ते काढतेय. तोवर डिझेलच्या इंजिनानं ओढायला घेतलंय. सावकाश येईल."

"मी काय करू?"

"बसून राहा."

आयुष्यभर त्यांनी लोकांना कामं सांगितली. पहिल्यांदा कुणीतरी त्यांना काम सांगितलं, आणि नेमकं तेच त्यांना येत नव्हतं. ते उठले, बसले, पुन्हा उठले. पाळणा झुलायला लागला.

लीलाबाई म्हणाल्या, "अहो, बसा की. तुम्ही हलता, मग माझा गुडघा हलतो."

"पाय लांब कर मग."

"होत नाही."

"म्हणजे?"

तिनं लुगड्याचा काठ थोडा वर घेतला. गुडघा केवढा सुजलेला! कातडी ताणून चकाकत होती. हिंदुराव बघतच राहिले. रोज एका घरात, एका ताटापाशी, आणि हा गुडघा त्यांनी पाहिलाच नव्हता.

"हे कधीचं?"

"मागच्या नवरात्राच्या आधीचं."

"बोलली नाहीस."

"बोलले की. तुम्ही तेव्हा चालत होता, थांबला नाहीत." आवाजात राग नव्हता, म्हणून तो शब्द जास्त लागला. "डॉक्टर म्हणाले ऑपरेशन, मग दोन महिने अंथरुणात. तुम्ही म्हणालात, घर बंद ठेवून कसं चालेल? तेल चोळ, चालता चालता बरं होईल."

हे त्यांचंच वाक्य होतं. शब्द न् शब्द त्यांचा. खाली संगणकाच्या खोलीत जे करायला लावलं, तेच घरात बायकोच्या हाडावर करायला लावलं होतं. हिंदुरावांनी नारळ उचलला, ताटात ठेवला, आणि तिचा पाय हलकेच आपल्या मांडीवर घेतला. आणि बसून राहिले. पुन्हा उठले नाहीत.

डिझेलच्या इंजिनानं एकेक पाळणा खाली ओढून आणला. ते पोर उन्हानं लालबुंद, पण सुखरूप. त्याची आई हिंदुरावांसमोर थांबली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "दादा, आत प्यायला पाणी तरी ठेवा." आणि गेली. लीलाबाईंना दोन बायकांनी धरून उतरवलं.

पेपरवाला पुढं आला. एक विश्वस्त त्याला सांगत होता, "त्या मॅडमची चूक. आम्ही आधीपासून म्हणतच होतो." बघा! सकाळी टाळी वाजवणारे हात संध्याकाळी बोट दाखवतात, हात तेच.

हिंदुरावांनी त्याला बाजूला केलं. "मॅडम नको म्हणत होत्या. मी करायला लावलं. लिहा."

दसरा झाल्यावर रोपवे एक दिवस बंद राहिला. लोक कुरकुरले, पायऱ्यांनी गेले, आणि पोचले. देवी काही गाव सोडून गेली नव्हती. रिकाम्या पाळण्यांखाली रेश्मानं नवा कारभारी बसवला, पाळणे मोकळेच फिरवून पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी माणसं बसवली. इतकंच काम होतं हो ते.

लीलाबाईंचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालं. हिंदुराव उशाशी बसले. अगदी साधू झाले असं समजू नका. देवस्थानात काय चाललंय म्हणून सारखा फोन करायचे, शेवटी नर्सनं फोन काढून घेतला. पण घरी आल्यावर भात त्यांनी लावला. करपला. लीलाबाईंनी खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी पाणी किती घालायचं ते पलंगावरून सांगितलं.

मंडळी, हिंदुरावांना हसलात, छान केलंत. आता आपल्याकडं या. तुम्हाला राग सोडायचाय ना? पण सुनेशी भांडण चालू ठेवून. लबाडी सोडायचीय, पण दुकान उघडं ठेवून. नाम घ्यायचंय, पण एका कानाला फोन लावून. इथं बसलेल्या किती जणांचा अंगठा आत्ता पडद्यावर फिरतोय, मी बघतोय हं. जुनं घट्ट धरून नवं मागता, आणि मग मधेच लोंबकळलात की देवाला हाका मारता. देव खालून काय सांगणार? बसून राहा.

मृदंगवाले, हात खाली घ्या. टाळकरी, तुम्हीसुद्धा. गजर करू, पण आत्ता नाही. ते फोन बंद करा, नुसते पालथे घालू नका. आता कुणी काही बोलायचं नाही, मीही नाही. थोडा वेळ सगळे थांबू.