दात्याला विचारायचे प्रश्न

(ॲडलेडमधल्या एका इस्पितळातली दात्यांची खोली. सकाळ. टेबलावर झाकण लावलेला पांढरा डबा.)

डेस्पिना: तुमचा यात फायदा काय, ते आज येता येता मोजत होते, मर्व्ह. गॉलरहून दोन बस बदलून यायचं, आमच्या संडासात बसायचं, डबा भरून द्यायचा. बदल्यात बसभाडं आणि मशीनचा पांचट चहा. धंदा बुडीत आहे तुमचा.

मर्व्ह: तुझी बडबड फुकट मिळते, तीही धर की. आणि माल तर बघ! कालची मसूर आहे त्यात.

डेस्पिना: माल लॅबवाले बघतील. चला, प्रश्न. ताप?

मर्व्ह: नाही.

डेस्पिना: अँटिबायोटिक?

मर्व्ह: एकही गोळी नाही. देवाशपथ.

डेस्पिना: शपथ कधीपासून लागायला लागली? आणि डावा हात खिशात का?

मर्व्ह: थंडी वाजतेय.

डेस्पिना: फेब्रुवारीत? बाहेर रस्त्याचं डांबर वितळतंय. काढा बाहेर.

मर्व्ह: कुंपणाची तार लागली गं. किरकोळ.

डेस्पिना: हे किरकोळ? पंजा टरारून फुगलाय! आणि ही लाल रेघ पार कोपरापर्यंत... डॉक्टरला दाखवलं?

मर्व्ह: दाखवलं की, शुक्रवारी. गोळ्या दिल्यात. हे बघ.

डेस्पिना: पाकीट तर फोडलेलंसुद्धा नाही.

मर्व्ह: मग खोटं कुठे बोललो? घेतलं का, विचारलंस. नाही घेतलं.

डेस्पिना: मर्व्ह!

मर्व्ह: गोळी घेतली की तुमचा नियम आडवा येतो. तीन महिने दात्यांतून बाहेर. माझ्या आतड्यातले जंतू मेले, तर तिचं काय?

डेस्पिना: कोण ती?

मर्व्ह: या डब्यातून काढलेल्या माझ्या जंतूंच्या गोळ्या जिच्या पोटात जातात ती. पोर्ट लिंकनच्या शाळेतली बाई असावी, असं मी धरून चाललोय. माझा कॅन्सर ज्या इम्युनोथेरपीनं गेला, तीच तिला चालू आहे. मला लागू पडली, तिच्या बाबतीत अडली. माझे जंतू तिच्यात रुजले तर औषध लागू पडेल, डॉक्टरच म्हणाले ना?

डेस्पिना: ‘पडेलही’ म्हणाले. तो ‘ही’ तुम्ही गिळलात. आणि बाई की बुवा, मला ठाऊक नाही. असतं तरी सांगितलं नसतं. पण असा हात लपवून दिलेला डबा त्या माणसाच्या पोटात गेला असता तर? आधीच अंगात त्राण नाही.

मर्व्ह: ...हे डोक्यात नाही आलं.

डेस्पिना: थांबा, फोन लावते. हॅलो, दात्यांच्या खोलीतून. व्हीलचेअर पाठवा, इमर्जन्सीत न्यायचंय. हो, आत्ताच्या आत्ता.

मर्व्ह: आणि आजचा डबा?

डेस्पिना: फेकणार. शुक्रवारपासूनचे सगळे फेकायला सांगणार.

मर्व्ह: अजून गरम आहे तो.

डेस्पिना: मर्व्ह, तुमचा हात तरी वाचू दे.

मर्व्ह: म्हणजे तिचं अडणार.

डेस्पिना: नाही अडणार. तुमच्या आधीच्या डब्यांच्या गोळ्या फ्रीजरमध्ये आहेत, तेवढ्यात तो कोर्स पुरा होतो. पुढच्यांसाठी सोमवारपासून दुसरा दाता येतोय. खरंच सांगते, कोणाचं काही बुडालं नाही.

मर्व्ह: कोणाचंच नाही?

डेस्पिना: कोणाचंच नाही.

मर्व्ह: मग बरं झालं. छान झालं. आमची ही, ग्लेनिस, गेल्यापासून माझ्याकडचं कोणाला काही हवं होतं, ते एवढंच. तेही संडासातलं.

डेस्पिना: तीन महिन्यांनी परत या ना. तपासू पुन्हा.

मर्व्ह: येईन. तुझा तो सोमवारचा बडबड्या आहे का?

डेस्पिना: कॉलेजातला आहे. कानातले इअरफोन काढतच नाही.

मर्व्ह: हं. खुर्ची येईपर्यंत बाकीचे प्रश्न विचार.

डेस्पिना: आता कशाला? नाव कमी केलंय तुमचं.

मर्व्ह: दोन बस बदलून आलोय, पोरी.

डेस्पिना: ...बरं. नवा टॅटू?

मर्व्ह: नाही.

डेस्पिना: परदेशप्रवास?

मर्व्ह: इथपर्यंत. बाकी नाही.

डेस्पिना: घरात नवीन कोणी राहायला आलंय?

मर्व्ह: नाही. कोणी नाही.